कोंबड्यांना देवी आली आहे, मारून टाकाव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंगणातल्या वीस-पंचवीस गावरान कोंबड्यांपैकी चार-पाच तलंगांच्या (तरण्या कोंबड्यांच्या) तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड आलेत, एकीचे दोन्ही डोळे चिकटलेत, दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली आहे. त्या मारून टाकाव्यात का, आणि घरातल्या लहान मुलांना काही होईल का, हे तुम्ही विचारलंय.

मारू नका. वर्णनावरून ही देवी, म्हणजे फाउल पॉक्स दिसते, आणि नुसती कातडीवरची देवी असेल तर बहुतेक कोंबड्या त्यातून उठतात. रोग विषाणूचा आहे, त्याला मारणारं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. अँटिबायोटिक फोडांमध्ये मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंपुरतं असतं, तेही डॉक्टरांनी पक्षी पाहून सांगितलं तर द्यायचं. परसातल्या कोंबड्या वर्षानुवर्षं पाळताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे: देवी आलेली कोंबडी पुष्कळदा उपासाने मरते. डोळे मिटले की दाणा दिसत नाही, भांड्याजवळ गेली तर बाकीच्या टोचून हाकलतात, मग ती कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहते. चार दिवसांनी मेली की आपण म्हणतो रोगाने गेली.

म्हणून आजच फोडवाल्या तलंगा वेगळ्या करा. डालग्याखाली ठेवल्या तरी चालतील, फक्त सावली हवी आणि वारा खेळता हवा. जिचे डोळे चिकटलेत तिचे डोळे उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून सकाळ-संध्याकाळ पुसा. कापूस क्षणभर पापणीवर ठेवून द्या, चिकटा मऊ झाला की आपोआप सुटतो. ओढू नका. खाद्य नेहमीसारखं कोरडं न देता भरडा पाण्यात कालवून मऊ करा, त्यात शिजवलेला भात किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करा. बारीक चिरलेला शेवग्याचा पाला किंवा किसलेलं गाजर घातलंत तर उत्तम, कारण डोळ्यांच्या आणि घशाच्या आतल्या नाजूक अस्तराला अ जीवनसत्त्व लागतं. आंधळ्या झालेल्या तलंगेची चोच हळूच पाण्यात बुडवून दाखवा. एकदा भांड्याची जागा कळली की ती पुन्हा तिथेच येते, तेव्हा भांडं रोज हलवू नका. ड्रॉपरने पाजायचं असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा. घशात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जातं.

फोडांवर पोविडोन आयोडीन लावा. हळद खोबरेल तेलात कालवून लावायची आपल्याकडे रीत आहे, तीही चालेल, डोळ्यात मात्र काही जाऊ देऊ नका. खपल्या नखाने काढायच्या नाहीत. रक्त येतं, जखम चिघळते, आणि त्या खपलीत विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो. आपोआप गळलेल्या खपल्या आणि खुराड्यातला भुसा झाडून जाळून टाका. एका कोंबडीला बरं व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. कळपात रोग सावकाश फिरतो, त्यामुळे पहिल्या बऱ्या होत असताना नव्या आजारी पडल्या तरी घाबरू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. प्रत्येक आजारी कोंबडीची चोच उघडून आत बघा. जिभेवर, टाळूला किंवा घशात पिवळट, पनीरसारखे थर दिसले, किंवा ती मान ताणून तोंड उघडून श्वास घेत असेल, तर देवी घशात उतरली आहे. हा प्रकार घातक. थर श्वासनलिकेच्या तोंडाशी वाढले तर पक्षी गुदमरतो. ते घरी खरवडू नका, खालून रक्त येतं. कोंबडी टोपलीत घालून सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कोंबडीसाठी कुठे दवाखाना, असं म्हणून लोक थांबतात, त्याचं मला वाईट वाटतं. तिथले डॉक्टर कोंबडीही बघतात. आणखी एक, मान वाकडी होणं, हिरवी हगवण, एका रात्रीत धडाधड मर असं काही असेल तर ती देवी नाही. मानमोडी (राणीखेत रोग) किंवा त्याहून गंभीर काही असू शकतं, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

उरलेल्या निरोगी कोंबड्यांना लस द्यायची वेळ अजून गेलेली नाही. देवीची लस पंखाच्या आतल्या बाजूला कातडीचा पातळ पडदा असतो त्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात. ज्यांच्या अंगावर एकही फोड नाही त्यांनाच ती द्यायची. ७ ते १० दिवसांनी टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली. काहीच दिसलं नाही तर पुन्हा टोचून घ्यावी लागते, म्हणून ही तपासणी चुकवू नका. अडचण अशी की कुपी शेकड्याच्या हिशेबाने येते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांतच संपवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी कोण फोडणार? उपाय एकच, वाडीतली पाच-सहा घरं एकत्र करा आणि पशुधन पर्यवेक्षकांना एका सकाळी बोलवा. कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधीची वेळ धरा, नाहीतर अर्धा दिवस पळापळीत जातो. लस बर्फावरच आणायची, उन्हात ठेवली तर नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. यापुढे पिल्लं ६ ते ८ आठवड्यांची झाली की हे दरवर्षी करा. लम्पीच्या साथीत, २०२२ साली, गाईंना टोचलेली शेळ्यांच्या देवीची लस कोंबड्यांना चालेल का, असंही लोक विचारतात. ती चालत नाही.

लस नसलेल्या कळपात रोग घरोघर नेतो तो डास. आजारी कोंबडीला चावलेला डास पुढे कित्येक दिवस दुसरीला रोग देऊ शकतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर देवी जास्त दिसते. खुराड्याच्या आसपासच्या करवंट्या, टायर, फुटके डबे पालथे करा, पाण्याची भांडी रोज ओतून घासा, रात्री खुराड्याच्या जाळीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर खुराड्याबाहेर आणि बेताने करा. घशाची देवी असलेल्या कोंबडीला धूर सोसत नाही.

मुलांचं विचारलंत. कोंबडीची देवी माणसाला होत नाही. माणसाच्या देवीचा विषाणू वेगळा होता आणि कांजण्यांचाही वेगळा. मुलांना आजारी कोंबड्या हाताळू न देणं आणि तुम्ही स्वतः हाताळल्यावर साबणाने हात धुणं, एवढं पुरे. दुसऱ्या कारणासाठीही हात धुवा, नाहीतर तुमच्याच हातांनी रोग निरोगी कोंबड्यांकडे जाईल. त्यामुळे आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी आटपा, मग आजारी. निरोगी कोंबड्यांची अंडी नीट शिजवून खुशाल खा. अँटिबायोटिक सुरू असलेल्या कोंबडीची अंडी मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस बाजूला ठेवा. अंडी काही आठवडे कमी येतील, ती हळूहळू परत येतात. एकदा देवी येऊन गेलेली कोंबडी सहसा पुन्हा या रोगाने आजारी पडत नाही, तेव्हा बऱ्या झालेल्या तलंगा विकू नका, पुढच्या पैदाशीसाठी ठेवा.

आज संध्याकाळी चोची उघडून बघितल्यावर घशात काय दिसलं ते इथे कळवा. फोटो टाकता आला तर आणखी नेमकं सांगता येईल.