पाचू आणि आकड्यातला पाच: काडीचा संबंध नाही

"पाचू म्हणजे पाच गुणांचं रत्न, म्हणून पाचू, बरोबर ना? आणि मग मरकत वेगळा का?" असा प्रश्न आलाय. मरकत, पन्ना, पाचू एकच, तो विषय संपला. पण हे पाच गुणांचं प्रकरण मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. अहो, आपण "पाचाचा पाढा" म्हणतो आणि "पाचेचा खडा" म्हणतो, तोंडातून आपोआप वेगळं रूप येतं, कारण पाचूला पाचही म्हणतात, आणि रत्न ती पाच आहे, स्त्रीलिंगी. जुन्या लिखाणात आकड्यावर अनुस्वार असायचा, पांच, कारण तो पञ्च वरून आला. रत्नाच्या पाचेचा पञ्चशी संबंधच नाही.

तो शब्द दक्षिणेचा आहे! तमिळमध्ये पच्चै म्हणजे हिरवा, कन्नडमध्ये पच्चे म्हणजे हिरवा आणि पाचूसुद्धा, आणि कन्नडमध्ये गोंदणालाही हच्चे म्हणतात, तो हाच शब्द, गोंदण कातडीवर हिरवट दिसतं म्हणून. आपल्याकडे पाच नावाची सुगंधी वनस्पती आहे ना, पान चुरडलं की बोटांना दिवसभर वास राहतो, तीही हिच्याच घरातली, आणि इंग्रजीतलं पॅचुली, अत्तरात वापरतात ते सुगंधी पान, हे तमिळ पच्चै इलै, म्हणजे हिरवं पान. एका रंगाच्या शब्दातून रत्न, गोंदण आणि अत्तर, मला तर याच्याइतका सुंदर शब्द माहीत नाही.

मरकतबद्दल संस्कृत कोशकार सांगतात की मरक म्हणजे साथीचा रोग, तो ज्याने तरून जाता येतो तो मरकत. ही फोड मला अजिबात पटत नाही, शब्द आधी आला आणि अर्थ मागून चिकटवला. ग्रीकमध्ये स्माराग्दोस आणि माराग्दोस अशी दोन्ही रूपं आहेत, हिब्रूत बारेकेत, आणि त्यामागे ब-र-क हा चमकण्याचा धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, अरबीत बर्क म्हणजे वीज. फारसी जुमुर्रुद आणि इंग्रजी एमराल्ड दोघंही त्याच ग्रीक शब्दाची पोरं, आणि मरकतही व्यापाऱ्यांबरोबर तिकडूनच आला असं माझं ठाम मत आहे.

आणि गंमत अशी की पाचू ज्या खनिजाचा प्रकार आहे ते बेरिल, त्याचं नाव मात्र आपलं, संस्कृत वैडूर्य, पाली वेळुरिय, ग्रीकमध्ये जाऊन बेरुल्लोस, आणि जर्मनमध्ये त्याचंच ब्रिले झालं, म्हणजे चष्मा, कारण पूर्वी भिंगं या खड्यांचीही घडवायचे.