स्पर्धकाचं पान वर का? वाचकांचे प्रश्न, एसईओची उत्तरं

एसईओबद्दल, म्हणजे गूगलच्या निकालांत पान वर आणण्याच्या कामाबद्दल, पत्रं वेगवेगळ्या गावांतून येतात, धंदे वेगवेगळे असतात, मागणी मात्र एकच असते: अमक्याची वेबसाइट गूगलवर वर दिसते, त्याच्या पानात काय आहे ते बघा आणि तेच आमच्या पानात टाकून द्या. हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की या वेळी सगळे प्रश्न स्पर्धकाच्या ऑन-पेज, म्हणजे पानावरच्या मजकुराच्या आणि कोडच्या, तपासणीवरचेच घेतले आहेत.

प्रश्न: समोरच्या दुकानाच्या पानाचा सोर्स (पानामागचा कोड) उघडून त्याचे मेटा कीवर्ड्स (कोडमधल्या एका टॅगमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) काढले आणि आमच्या पानात जसेच्या तसे टाकले. दोन महिने झाले, काही फरक नाही. कुठे चुकतंय? (सोलापूर)

गूगल क्रमवारीसाठी हा टॅग बघत नाही, आणि हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय. टॅग काढून टाका. त्याच्या 'रिसर्च'चे पैसे मागणारा कुणी असेल तर त्यालाही.

प्रश्न: पानावर एच-वन हेडिंग (मुख्य शीर्षक) एकापेक्षा जास्त असलं तर पेनल्टी बसते असं एका व्हिडिओत ऐकलं. स्पर्धकाच्या पानावर तीन आहेत, तरी तो वर कसा? (लातूर)

पेनल्टी बसत नाही. तरी एकच ठेवा, वाचणाऱ्याला बरं पडतं.

प्रश्न: देवगडला आमची हापूसची बाग आहे, पेट्या वेबसाइटवरूनही विकतो. 'देवगड हापूस ऑनलाइन' असं शोधलं की तीन विक्रेते आमच्या वर येतात. एजन्सीने पहिल्या क्रमांकाच्या पानाशी तुलना करून अहवाल दिलाय: त्यांच्या पानावर 'हापूस' ४१ वेळा, आमच्या १२ वेळा, त्यांचे शब्द २२००, आमचे ६००. ही तूट भरून काढायला ते पैसे मागताहेत. हंगाम तोंडावर आलाय. द्यावेत का? (देवगड)

देऊ नका. असा अहवाल हातात पडलेले तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुठला शब्द किती वेळा आला ते मोजून गूगल क्रम लावत नाही. ओढूनताणून शब्द कोंबणं तर त्यांच्या स्पॅम धोरणात नावानिशी लिहिलेलं आहे. शब्दसंख्येचंही तेच. अमुक इतक्या शब्दांचं पान हवं असा काही नियम नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. ४१ आणि १२ हे आकडे अहवालात येतात याचं कारण ते काढायला सोपे असतात. सॉफ्टवेअर दोन मिनिटांत काढून देतं आणि लाल रंगात छापले की गिऱ्हाईक घाबरतं. समोरचं पान वर आहे हे खरं, त्यात ४१ 'हापूस' आहेत हेही खरं. पण यामुळेच ते वर आहे, हे एजन्सीने कुठे दाखवलंय?

स्पर्धकाचं पान बघायचं जरूर, पण त्याआधी स्पर्धक कोण ते ठरवा. 'देवगड हापूस ऑनलाइन', 'हापूस पेटी भाव' आणि 'अस्सल हापूस कसा ओळखावा' हे तीन शोध इन्कॉग्निटो विंडोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) करा आणि वर कोणत्या प्रकारची पानं आहेत ते लिहून काढा. कुठे दुकानं असतील, कुठे बाजारभावाच्या बातम्या, कुठे लेख आणि व्हिडिओ. ज्या शोधाला वर सगळे लेखच आहेत, तिथे तुमचं विक्रीचं पान कितीही सजवलं तरी त्याचा निभाव लागणं कठीण. तिथे लेखच लिहावा लागतो. एजन्सीने बहुधा हे पाहिलेलंच नसतं. एक शब्द घेतला, पहिलं पान घेतलं, लावली तुलना.

मग वरची तीन-चार विक्रीची पानं फोनवर उघडा. कॉम्प्युटरवर नको, कारण गूगलही आता पानाची मोबाइल आवृत्तीच आधाराला घेतं. वही घेऊन बसा आणि गिऱ्हाईक म्हणून वाचा. फळ किती ग्रॅमचं? दर डझनाचा की पेटीचा? पेटीत चार डझन की सहा? आंबा तयार येणार की घरी अढीत घालावा लागणार? पुण्याला किती दिवसांत पोचणार? चार फळं डागी निघाली तर पैसे परत की बदली फळ? यातलं काय त्यांनी सांगितलंय, काय तुम्ही सांगितलंय आणि काय कुणीच सांगितलेलं नाही, अशा तीन याद्या करा. तिसरी यादी सगळ्यांत कामाची.

हापूसच्या बाबतीत त्या यादीत एक गोष्ट हमखास निघते. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून गळ्यात मारतील ही भीती प्रत्येक गिऱ्हाइकाला असते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक पानावर अक्षरांत लिहा, नुसता फोटो नको. नोंद नसेल तर मानांकनाचं चिन्ह वापरू नका. आधी रीतसर चौकशी करा.

तुमचं स्वतःचं पान मी उघडून पाहिलं. टायटल, म्हणजे गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं नाव, आहे 'होम'. दरपत्रक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली इमेज. त्यातला एकही दर पानाच्या मजकुरात नाही. सहाशे शब्दांतले चार परिच्छेद आंबा हा फळांचा राजा कसा यावर खर्ची पडलेत. आंबा घ्यायला आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. टायटलमध्ये गाव, फळ आणि घरपोच पेटी हे तिन्ही येऊ द्या, दर इमेजमधून काढून मजकुरात लिहा, पाठवणीची शहरं लिहा. अहवालाच्या चाळीस पानांत या तीन गोष्टी एकदाही आलेल्या नाहीत.

आता स्पर्धकाच्या पानावर जे दिसत नाही त्याबद्दल. त्याला कुणाकुणाच्या वेबसाइटवरून लिंक आहेत, किती लोक थेट त्याचं नाव टाकून शोधतात, किती वर्षं तो तिथे आहे, यातलं काहीही कंट्रोल आणि यू दाबून, म्हणजे पानाचा सोर्स उघडून, समोर येत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीचा रंग खरवडून त्याच्या घराचा पाया कळत नाही. म्हणूनच पान जसंच्या तसं उचलणाऱ्याला तोच क्रमांक मिळत नाही.

आणि हे पत्र फेब्रुवारीत का येतं? दरवर्षी फेब्रुवारीतच येतं! ही कामं गणपती झाले की हातात घ्यायची असतात. आत्ता टायटल आणि दर एवढंच दुरुस्त करा. जुन्या पानाची प्रत ठेवा, बदलाची तारीख लिहून ठेवा. सर्च कन्सोल, म्हणजे तुमची वेबसाइट शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, १६ महिन्यांचे आकडे दाखवतं, म्हणजे मागचा हंगाम आणि हा हंगाम शेजारी ठेवता येईल. पानाचा पत्ता बदलायचा विचार असेल तर जाणत्या डेव्हलपरला विचारल्याशिवाय हात लावू नका. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारं रिडायरेक्ट करायचं राहून गेलं तर आहे तो क्रमही ऐन एप्रिलमध्ये घालवून बसाल.

प्रश्न: मी दंतवैद्य आहे. दुसऱ्या एका दवाखान्याच्या निकालाखाली पिवळे तारे दिसतात. स्कीमा (गूगलला माहिती ओळखू यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये घालायच्या खुणा) घालून तसे तारे मलाही आणता येतील का? (पुणे)

स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःबद्दलच्या रिव्ह्यूंचा स्कीमा घालून तारे मिळवण्याची सोय गूगलने २०१९ मध्ये बंद केली. तुम्हाला दिसणारे तारे नकाशातल्या प्रोफाइलचे किंवा एखाद्या तिसऱ्या वेबसाइटचे असावेत; नीट पाहा. 'तारे आणून देतो' म्हणणारा माणूस खोटे रिव्ह्यू लिहून घेण्याकडे वळतो, आणि डॉक्टरच्या बाबतीत ते फारच महागात पडू शकतं. प्रश्नोत्तरांच्या स्कीमाचंही वेड सोडा. त्या स्कीमाने निकालात मिळणारी जादा जागा ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित वेबसाइट्सपुरती राखली गेली. दंतवैद्यांच्या जाहिरातीवर दंत परिषदेचे नियम आहेत, तेव्हा पानावर काय लिहायचं ते एकदा त्या नियमांच्या जाणकाराला दाखवून घ्या.

प्रश्न: कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान आहे. स्पर्धकाच्या १५० वस्तूंची वर्णनं एआयला देऊन शब्द बदलून घेतली तर 'डुप्लिकेट' धरलं जाईल का? (कोल्हापूर)

डुप्लिकेट धरलं जाईल की नाही, हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅम धोरणात ठोक मजकुराचं कलम घातलं: क्रम चढवण्यासाठी ढिगाने काढलेली, वाचणाऱ्याला नवं काही न देणारी पानं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. तुमची दीडशे पानं थेट त्यात बसतात. शिवाय मूळ मजकुरावर स्पर्धकाचा कॉपीराइट आहे. शब्द इकडचे तिकडे केले म्हणून तो संपतो असं समजू नका, वकिलाला विचारा.

तुमच्याकडे दुकानात चपला आहेत ना? मग तळ किती पदरी, शिलाई चामड्याच्या वादीची की दोऱ्याची, पहिले काही दिवस चावते का, पावसात चालते का, रुंद पायाला कुठलं माप, हे गल्ल्यावर बसून रोज सांगत असाल तेच लिहा. आधी जास्त खपणाऱ्या दहा जोडांचं लिहा. बाकीच्या एकशे चाळीसांची घाई नाही.

प्रश्न: तारकर्लीला होमस्टे आहे. नवीन वेबसाइट करून पाच महिने झाले. स्पर्धकांपेक्षा मजकूर चांगला, फोटो चांगले, तरी आम्ही कुठेच नाही. तुलनेत काय राहिलंय? (मालवण)

तुलना नंतर. आधी गूगलमध्ये इंग्रजीत 'site', कोलन आणि मध्ये जागा न सोडता लगेच तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाइप करून बघा. एकही पान आलं नाही तर गूगलकडे तुमची वेबसाइट बहुधा नाहीच. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधल्या 'रीडिंग'मध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते; वेबसाइट बनत असताना डेव्हलपर तिच्यावर टिक करतो आणि पैसे घेऊन गेल्यावर काढायला विसरतो. तिथे टिक नसेल तर सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता तपासा, कारण लिहिलेलं असतं. ते कळलं नाही तर त्याचा स्क्रीनशॉट जाणत्याला दाखवा. पाच महिने कुणी हे पाहिलं नाही, याचा जाब डेव्हलपरला विचाराच.

प्रश्न: दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. माझ्या फोनवर आम्ही पहिले दिसतो, मुलगी न्यू जर्सीत शोधते तर दुसऱ्या पानावरही नाही. तिथले स्पर्धक काही वेगळं करतात का? (डोंबिवली)

शोधणारा कुठे आहे त्यावर निकाल बदलतात, त्यामुळे तुमच्या फोनवरचा क्रम तुमच्यापुरता. सर्च कन्सोलमध्ये देश 'अमेरिका' निवडून तिथे तुम्ही कुठल्या शोधांना आणि सरासरी कितव्या क्रमांकावर दिसता ते पाहा, आणि तुलनेसाठी वरची पानं मुलीलाच उघडायला सांगा. पाठवणीचा खर्च डॉलरमध्ये, किती दिवस लागतात, चकली मोडून पोचते का, हे त्यांच्या पानावर असेल आणि तुमच्या नसेल तर उत्तर तिथेच आहे. खाद्यपदार्थ अमेरिकेत पाठवण्याचे नियम मात्र कुरियरवाल्याच्या तोंडी भरवशावर लिहू नका. निर्यातीचं काम करणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: एक कंपनी ३० दिवसांत पहिल्या क्रमांकाची लेखी हमी देते. स्पर्धकांचं विश्लेषण फुकट. घ्यावं का? (नाशिक)

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय. कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं असंही त्यांचंच म्हणणं. हमी कुठल्या शब्दासाठी आहे ते त्या कागदावर बघा. बहुतेक वेळा तो तुमच्या दुकानाचं नाव असतो किंवा कुणीच शोधत नाही असं लांबलचक वाक्य. दुसऱ्या कुणाला काम देताना सर्च कन्सोल आणि डोमेन (वेबसाइटचं नोंदवलेलं नाव) दोन्ही तुमच्या ईमेलवर राहतील हे करारात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी तो करार त्रयस्थाला वाचायला द्या.