बाइकला बाहेरचे टीपीएमएस सेन्सर: आधी व्हॉल्व्ह बघा, मग सेन्सर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या कासारवडवलीहून नवी मुंबईतल्या महापेला रोज १५० सीसी बाइकने जाता, अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारं टीपीएमएस, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे दोन सेन्सर आणि हँडलवरचा छोटा डिस्प्ले, मागवलंय. घरी बसवता येईल का, आणि अलार्म कितीवर ठेवायचा?

घरी नक्की बसवता येईल, अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्यातली पहिली दहा मिनिटं सेन्सर डब्यातच ठेवा आणि व्हॉल्व्ह तपासा. बाहेरच्या सेन्सरमध्ये जो धोका आहे तो इथेच आहे, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल सहसा एक ओळही नसते.

असा सेन्सर साधारण दहा ग्रॅमचा असतो. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण ताशी ८० किमी वेगाला १७ इंची चाक सेकंदाला साडेअकरा फेऱ्या मारतं, आणि व्हॉल्व्हच्या टोकावरचे ते दहा ग्रॅम जवळपास एक किलोच्या जोराने बाहेरच्या दिशेला ओढले जातात. कंपनीने बसवलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा रबराचा, रिमच्या भोकात नुसता ओढून बसवलेला असतो. तो चार-पाच वर्षांचा असेल तर बुडाशी रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या असतात. व्हॉल्व्ह बोटाने हलकेच वाकवा आणि बुडाकडे टॉर्च मारा. चीर दिसली तर सेन्सर लावूच नका. तो व्हॉल्व्ह उडाला तर हवा हळूहळू जात नाही, काही सेकंदांत टायर बसतो.

टायर बदलायला आला असेल तर त्याच वेळी धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाकून घ्या. मी तरी हाच सल्ला देईन. रिमचं भोक आधी मोजून घ्या: साधारणपणे ११.३ मिमी असतं, काही चाकांना ८.३ मिमी, आणि एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात चालत नाही. रबराचाच ठेवायचा असेल तर नवा आणि आखूड घ्या. टीआर ४१२ हा ३३ मिमीचा येतो, टीआर ४१४ जवळपास ४९ मिमीचा. लांब व्हॉल्व्हच्या टोकाला वजन लटकवलं की तो जास्त डोलतो. हवा भरताना सेन्सर काढायला नको म्हणून टी आकाराचे जोड मिळतात. ते घेऊ नका, वजन आणि लांबी दोन्ही वाढतात. (स्पोकच्या चाकात ट्यूब असेल तर बाहेरचा सेन्सर मी सुचवत नाही. ट्यूब सरकली की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि मुळाशीच फाटतो.)

आता जागा तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, सेन्सर हलक्या हाताने लावा आणि चाक हाताने पूर्ण फिरवा. पुढे ब्रेकचा कॅलिपर आणि एबीएसची वायर, मागे चेन आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा). कुठेही एक बोट मावेल इतकी, म्हणजे किमान १० मिमी जागा हवी. पुढचा फोर्क दाबूनही एकदा बघा. काटकोनी व्हॉल्व्ह टाकत असाल तर त्याचं तोंड कॅलिपरच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

हवा थंड टायरमध्येच भरायची. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. कासारवडवलीहून कापूरबावडीच्या पंपापर्यंत ट्रॅफिकमधून गेलात तर टायर थंड राहिलेला नसतो. म्हणून घरी पायाचा किंवा १२ व्होल्टचा पंप आणि स्वतःचा गेज असलेला बरा. आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

सेन्सर डिस्प्लेशी जोडण्याचा क्रम चुकला की लोक सेन्सर खराब आहे असं समजतात. आधी डिस्प्लेवर दाबाचं एकक पीएसआय करा (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय). मग शिकण्याच्या मोडमध्ये जा, पुढचं चाक निवडा आणि नंतरच पुढच्या व्हॉल्व्हवर सेन्सर फिरवा. दाब अचानक वाढला की सेन्सर जागा होऊन सिग्नल पाठवतो आणि डिस्प्ले वाजतो. दुसरा सेन्सर तेव्हा डब्यातच राहू द्या. सेन्सर आधीपासून जोडून आले असतील तर हे काही करू नका. फक्त पुढचा पुढे आणि मागचा मागे, खुणा बघून लावा.

बसवताना आधी पातळ चोरनट (सेन्सर कुणी सहज काढून नेऊ नये म्हणूनचा नट) व्हॉल्व्हवर पूर्ण खाली उतरवा. मग सेन्सर हाताने घट्ट करा. 'फुस्स' आवाज सेकंदभरात थांबला पाहिजे. थांबला नाही तर आतला रबरी वॉशर वाकडा बसलाय. मग नट पान्याने वर आणून सेन्सरला टेकवा. पक्कड लावू नका, प्लास्टिकचं अंग तडकतं. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उभी राहत असेल तर हा नट वगळू नका. शेवटी साबणाचं पाणी तीन ठिकाणी लावा: सेन्सर आणि व्हॉल्व्हचा सांधा, सेन्सरच्या झाकणाचा सांधा, आणि व्हॉल्व्हचं बूड. बुडबुडे बारीक असतात, दोन मिनिटं थांबून बघा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी आकडा परत वाचा.

अलार्मचा प्रश्न महत्त्वाचा, कारण डब्यातून येणारी सेटिंग अनेकदा कारच्या हिशेबाची असते. तिथे खालची मर्यादा २६ असेल तर २५ पीएसआयवर चालणारा तुमचा पुढचा टायर पहिल्या मिनिटापासून कोकलत राहील, आणि वैतागून तुम्ही आवाज बंद कराल. समजा तुमच्या स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ आहे. मग खालचा अलार्म पुढे २२ आणि मागे २५ ठेवा, थंड आकड्याच्या साधारण दहा-बारा टक्के खाली. वरचा अलार्म पुढे ३२, मागे ४०. वर इतकी मोकळीक लागतेच, कारण टायरमधली हवा १० अंश तापली की दाब जवळपास दीड पीएसआय वाढतो. मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुपारी २८ चे ३२ होणं अगदी सामान्य आहे. ती वाढलेली हवा सोडू नका. सोडलीत तर सकाळी थंड टायर कमी दाबावर असेल.

सेन्सरचा आकडा आणि गेजचा आकडा यांत एक-दीड पीएसआयचा फरक पडतो. घरच्या गेजने बरोबर हवा भरून सेन्सर काय दाखवतो ते लिहून ठेवा, आणि मर्यादा त्या आकड्यावरून मोजा. तापमानाचा अलार्म ७५ अंशांवर ठेवून विसरून जा. बाहेरचा सेन्सर वाऱ्यात असतो, त्याला टायरच्या आतलं तापमान नीट कळत नाही.

हे यंत्र सावकाश गळणाऱ्या हवेसाठी उत्तम आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या पट्ट्यात खिळे आणि बांधणीच्या तारांचे तुकडे, पावसाळ्यात खड्ड्याने वाकलेली रिमची कड. अशा गळतीत रोज एक-दोन पीएसआय जातात आणि पायाने टायर दाबून ते कधीच कळत नाही. आकडा डोळ्यांदेखत घसरताना दिसला तर थ्रॉटल सोडा, ज्या चाकाची हवा जातेय त्याचा ब्रेक जोरात दाबू नका, हँडल सरळ ठेवून डावीकडे या. मागे कंटेनर असला तर आधी इंडिकेटर.

डिस्प्लेला वायरने वीज द्यायची असेल तर हेडलाइटची वायर कापू नका. बऱ्याच बाइकमध्ये हॉर्नच्या एका वायरला चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट येतात. मल्टिमीटरने खात्री करा, एक अँपिअरचा फ्यूज टाका आणि जोड पाणी जाणार नाही असा झाका.

खाडीकाठच्या हवेत आणखी एक गोष्ट होते. सेन्सरचे पितळी आटे आणि अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह एकत्र आले की पावसाळ्यात दोन्ही एकमेकांना धरून बसतात, आणि सेन्सर काढताना व्हॉल्व्हच तुटतो. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी हलका हात द्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सेन्सर काढून परत लावा. व्हॉल्व्हच्या आतली पिनही निकेल चढवलेली घ्या, साधी पितळी अॅल्युमिनियममध्ये गंजून अडकते. सेन्सरमध्ये बहुतेक वेळा सीआर १६३२ सेल असतो. तो बदलताना झाकणाखालची रबरी रिंग खाचेत नीट बसली की नाही ते बघा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत जातं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा सेन्सरवर थेट मारू देऊ नका.

पंक्चरवाल्याकडे किंवा पंपावर सेन्सर स्वतः काढा, स्वतः लावा. घाईत तो पक्कडीने फिरवतात, आणि पुढचा-मागचा बदलून लावतात. मग डिस्प्ले पुढची हवा गेली म्हणतो आणि तुम्ही चुकीचं चाक तपासत बसता. टायरमध्ये पंक्चर रोखणारं द्रव आधीच भरलेलं असेल तर सेन्सर काढताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाच मिनिटं थांबा. खाली असताना काढलात तर ते द्रव सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन वाळतं, आणि तो सेन्सर नंतर एकाच आकड्यावर अडकून राहतो.