'बावर्ची' आता शिळा वाटतो का?

आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं, सगळ्यांना एकत्र बघता येईल असा जुना हिंदी विनोदी सिनेमा तुम्हाला हवाय, आणि 'बावर्ची' आता शिळा झाला असेल अशी शंका आहे. बिनधास्त लावा.

शिळा व्हायला त्यातलं भांडण तरी जुनं व्हायला हवं ना! आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पोळ्यांच्या मावशींचा 'उद्या येत नाही' असा मेसेज आला, की रात्रीच घराघरात वातावरण तापतं. कणीक कोण मळणार, डबे कोण भरणार, आणि 'मागच्या वेळी मीच केलं होतं'. हृषीकेश मुखर्जींनी १९७२ मध्ये नेमकं हेच दाखवलंय. घराचं नाव 'शांति निवास', आणि सकाळचा चहा कोणी टाकायचा इथेच घोडं अडलेलं. नोकर टिकत नाही, जावा एकमेकींकडे बोट दाखवतात आणि राबते कोण, तर आईबाप नसलेली नात, कृष्णा. जया भादुरी फारसं बोलत नाही, नुसती या हाकेवरून त्या हाकेकडे पळत असते. हसता हसता आपल्याच घरातलं कोणीतरी आठवतं आणि जरा ओशाळायला होतं.

मग येतो राजेश खन्नाचा रघू. हा भांडणात पडत नाही, सरळ स्वयंपाकघराचा ताबा घेतो. 'भोर आयी गया अंधियारा' चुकवू नका. मदनमोहनच्या या गाण्यात सगळं घर गायला लागतं आणि दादूजी झालेले हरींद्रनाथ चट्टोपाध्याय आपल्या ओळी स्वतः गातात. दागिन्यांच्या पेटीला जिवापाड जपणारा हा खवचट म्हातारा मला तर रघूपेक्षाही आवडतो.

पुणेकरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. जया भादुरी आणि असरानी दोघंही लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले. ती जागा मूळची प्रभात स्टुडिओची, आणि थोरल्या जावेचं काम करणाऱ्या दुर्गा खोटे 'प्रभात'च्या 'अमरज्योती'च्या (१९३६) नायिका. धाकटी जाऊ उषा किरण, म्हणजे दोन्ही जावा मराठी. टोमणे हिंदीत असले तरी ठसका ओळखीचा वाटतो तो उगाच नाही.

खटकतं ते एवढंच, की उत्तरार्धात रघू फार उपदेश करतो. शिवाय कृष्णाच्या कष्टांची दखल घ्यायला बाहेरचा माणूस यावा लागतो, घरातल्या एकालाही ते आपणहून दिसत नाही. आमच्याकडे सिनेमा संपल्यावर यावरून चांगलीच जुंपली होती. शेवट सांगत नाही, मुलांना पेटीचं काय होतं ते ओळखू द्या.

आवडला तर पुढच्या रविवारी 'खूबसूरत' (१९८०) लावा. दिग्दर्शक तेच, फक्त तिथे घराला शिस्तीचा जाच आहे आणि दीना पाठकांसमोर रेखा उभी आहे.