वाचकांचे प्रश्न : लिक्विड कूलर असूनही प्रोसेसर 95 अंशांवर का जातो?

प्रश्न : महोदय, मी नुकताच गेमिंगसाठी नवा संगणक जोडला आहे. रायझन 7 7700एक्स प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, आरटीएक्स 4070 सुपर ग्राफिक्स कार्ड आणि 360 मिलिमीटर रेडिएटरचा (पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) लिक्विड कूलर हे सर्व भाग लॅमिंग्टन रोडवरून आणले. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी बसवला आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे मूळ मांडणीपेक्षा अधिक वेग मिळवण्यासाठी, सर्व कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) 5.2 गिगाहर्ट्झवर कायम ठेवले आणि व्होल्टेज 1.20 वरून 1.32 केले. आता सिनेबेंच ही प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी लावताच त्याचे तापमान 95 अंशांना टेकते, आणि संगणक सुरू करताना पंपातून खळखळ ऐकू येते. कूलर सदोष आहे का? त्याऐवजी कस्टम लूप (सुटे भाग जोडून स्वतः केलेली पाण्याची यंत्रणा) करावे का? पावसाळ्यात एसीच्या खोलीत नळ्यांवर पाणी साचते, असेही मित्र म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या वर्णनावरून कूलर सदोष वाटत नाही, दोष त्याच्या जागेत आणि व्होल्टेजमध्ये दिसतो. आवाजाचे आधी पाहू. अशा बंद कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि ती नेहमी सर्वांत उंच जागी जमते. रेडिएटर तळाशी असल्यामुळे ती उंच जागा म्हणजे तुमचा पंपच झाला आहे. हवेत फिरणारा पंप आवाज करतो, उष्णता नीट वाहून नेत नाही आणि लवकर झिजतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवा. नंतर संगणक चालू असताना कॅबिनेट हलक्या हाताने दोन्ही बाजूंना थोडे कलते करा, म्हणजे अडकलेले बुडबुडे रेडिएटरकडे सरकतील.

तापमानाचे कारण अधिक खोल आहे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तुम्ही व्होल्टेज 10 टक्के वाढवले, तेव्हा केवळ त्यापोटी उष्णता सुमारे 21 टक्क्यांनी वाढली. मूळ मांडणीत हा प्रोसेसर जास्तीत जास्त 142 वॉट घेतो, मात्र कोअर हाताने कायम वेगावर ठेवल्यावर ती मर्यादा लागू राहत नाही. ही सारी उष्णता जेमतेम 70 चौरस मिलिमीटरच्या चिपमधून आणि तिच्यावरच्या जाड धातूच्या झाकणातून बाहेर पडायची असते. कोंडी तिथे आहे, पाण्यात नाही. म्हणूनच कस्टम लूपवर मोठा खर्च करूनही या प्रोसेसरचे तापमान काही अंशांपलीकडे उतरणार नाही, आणि तो खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी उष्णता फक्त दुसरीकडे नेते. मे महिन्यात ऐरोलीतल्या खोलीत 34 अंश असतील, तर रेडिएटरमधले पाणी त्याहून गरमच राहील.

95 अंश ही या प्रोसेसरची उत्पादकानेच ठरवलेली कमाल मर्यादा आहे; मूळ मांडणीत तिथे पोहोचताच तो स्वतःचा वेग आवरतो, त्यामुळे तेव्हा तो जळण्याची भीती नसते. पण तुमच्या मांडणीत गेमिंगचे नुकसान मात्र होते आहे. मोजक्या कोअरवर काम असताना हा प्रोसेसर आपणहून 5.4 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि बहुतेक गेमना नेमका तोच वेग लागतो. तुम्ही तो 5.2 वर बांधून टाकला आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मूळ मांडणी परत आणा, मेमरीसाठी एक्स्पो (तिच्या वेगाची तयार मांडणी) चालू करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करण्याच्या सोयीत सर्व कोअरना उणे 15 द्या. व्होल्टेज उतरले की त्याच तापमानात प्रोसेसर अधिक वेगाने धावतो, आणि या पिढीचे खरे ओव्हरक्लॉकिंग हेच आहे. नंतर केवळ सिनेबेंचवर समाधान मानू नका. अशी मांडणी पुष्कळदा हलक्या कामात किंवा संगणक नुसता चालू असताना कोसळते. तसे झाले तर उणे 10 वर या.

पावसाळ्याबद्दल सांगायचे तर, संगणक चालू असताना नळ्यांमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असते, त्यामुळे त्यांवर दव धरत नाही. काळजी वेगळ्या वेळी घ्यावी. जुलैत 24 अंशांच्या खोलीतला एसी बंद करून लगेच खिडकी उघडली, की बाहेरच्या दमट हवेने चष्म्याची काच धुरकटते. तसेच थंड, बंद संगणकावरही होऊ शकते. एसी बंद केल्यावर खोली तापू द्या आणि मगच खिडकी उघडा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची धूळ या दमटपणात रेडिएटरच्या पात्यांमध्ये चिकटून थर धरते, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर मऊ ब्रशने ती काढावी; हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

प्रश्न : कस्टम लूपसाठी तांब्याचा वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा) घेतला आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर बराच स्वस्त मिळतो आहे. घ्यावा का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : घेऊ नका. एकाच द्रवात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजत जाते, आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये बसून प्रवाह अडवतो. कंपनीच्या बंद कूलरमध्येही पुष्कळदा हे दोन्ही धातू असतात, परंतु तिथे गंजरोधक द्रव कारखान्यातच भरून सीलबंद केलेला असतो. तुम्ही तांब्याचा किंवा पितळेचा रेडिएटर घ्या आणि नळाचे पाणी न भरता तयार कूलंट वापरा. पहिल्यांदा भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या वायरी काढून ठेवा, एसएमपीएसवरून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावरून) फक्त पंप चालवा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर पाहा. एखादा कागद ओला झाला, तर तो जोड उघडून रबरी रिंग नीट बसली आहे का ते तपासा.