वडिलांशी राजकारणावरून रोज वाद होतात. घरात राजकारण बोलणं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की जेवायला बसलं की बातम्या लागतात, वडील एका पक्षाचे, तुम्ही दुसऱ्या बाजूचे, आवाज चढतात आणि शेवटी आई म्हणते, "घरात राजकारण नको." आईचं ऐकावं का, हा तुमचा प्रश्न.

ऐकू नका. आईंचा पूर्ण मान ठेवून सांगते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच गप्प करायला ते वापरलेलं पाहिलंय. ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला गप्प बसणं सोपं जातं.

माझं सासर निफाड तालुक्यात. घरची साडेतीन एकर, त्यात दोन एकर उन्हाळ कांदा. आमच्याकडे संध्याकाळी दिल्लीत एक अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी लिलावात क्विंटलमागे हजार रुपये कमी बोलले जातात. मग मुलीची फी, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज, सगळ्याचं गणित नव्यानं मांडायचं. हे जेवताना बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

२०२३ ची भाऊबीज. माझा धाकटा भाऊ पुण्याहून गाडी घेऊन आला, बायको आणि मुलगा बरोबर. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, २०१९ ला गेले, त्यामुळे आईही त्याच्याबरोबरच आली. ओवाळून झालं, पानं मांडली, मी पुऱ्या वाढत होते. त्यानं कांदाभजी उचललं आणि म्हणाला, "ताई, पुण्यात सत्तर रुपये किलो झालाय. यंदा तुमची खरी दिवाळी. पण सरकारनं आता काहीतरी करायलाच पाहिजे, सामान्य माणसानं खायचं काय?"

मी परात खाली ठेवली आणि विचारलं, "आम्ही कोण मग?"

आमचे हे खाली मान घालून जेवत राहिले, मेहुण्याशी सणाच्या दिवशी वाद नको म्हणून. आई लगेच म्हणाली, "सणासुदीला राजकारण नको गं बाई." मी गप्प बसले. पण रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी त्याला उठवलं आणि कांदा साठवतो त्या चाळीत नेलं. म्हटलं, बस, निवड. चाळीच्या तळाशी वीसेक क्विंटल उरला होता. एप्रिलमध्ये काढणीच्या तोंडावर गारपीट झाली होती, तो मार खाल्लेला कांदा सहा-सात महिने टिकणार कसा? वरून चांगला दिसतो, हातात घेतला की बोटं आत जातात आणि पाणी निघतं. कुणाला काजळी आलेली, कुणाला कोंब. तो वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. भावानं नाकाला रुमाल बांधला, पण बसला. उठून गेला नाही, हे मी कबूल करते. दोन तासांत सात गोण्यांचा माल निवडला, त्यात बाजारात न्यायच्या लायकीचा तीन गोण्या निघाला.

मग तो म्हणाला, "एवढं सडतं तर मे महिन्यातच का नाही विकला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर दिलं. एकरी खर्च आला होता ८५ हजार. गारपिटीनंतर एकरी ११० क्विंटल निघाला. आम्ही चौकशी केली तेव्हा मे महिन्यात भाव क्विंटलला ७०० रुपये. गुणाकार त्यानंच केला. घरात ठेवला तर निदान आशा, म्हणून दोनशे क्विंटल चाळीत टाकला. ऑगस्टमध्ये भाव जरा वर यायला लागला तर १९ ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरात मिळेल त्या भावानं ११० क्विंटल काढला. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, म्हणजे त्याहून कमी भावानं कांदा देशाबाहेर पाठवायचा नाही. आता हे वीस. मधले सत्तर क्विंटल कुठे गेले ते त्याच्या हाताला लागलेलं होतंच. म्हणजे पुण्यात सत्तर रुपये झाले तेव्हा आमच्याकडे सत्तर रुपयांनी विकायला कांदाच नव्हता. ज्याच्याकडे तेव्हा माल होता त्याची दिवाळी झाली असेल, शेतकऱ्याच्या घरी ती फारशी झाली नाही.

"पण अनुदान मिळालं ना?" म्हणाला. मिळालं, राज्य सरकारनं दिलं. क्विंटलला ३५० रुपये, दोनशे क्विंटलपर्यंत, पण १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला. आमचा साठ क्विंटल रांगडा, म्हणजे उन्हाळ कांद्याच्या आधी निघणारा कांदा, त्यात बसला, पैसे टप्प्याटप्प्यानं खात्यात आले, मी नाकारत नाही. पण उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो. तो त्या तारखांत बसणार कसा?

इथपर्यंत ठीक होतं. मग मी २०१० काढलं. हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

त्या वर्षी मी नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र, रोज एसटीनं जाऊन-येऊन. भाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला आणि नानांचा अर्धा लाल कांदा शेतातच गेला. सगळीकडेच गेला, म्हणून भाव चढला. डिसेंबरात नानांनी दोन ट्रॉल्या विकल्या, घरी पेढे आणले. उरलेल्या कांद्यात दोघांची फी निघणार होती, वर विहिरीची मोटरही. आणि डिसेंबर संपायच्या आत केंद्रानं निर्यात बंद केली, कारण शहरात कांदा महागला होता. फेब्रुवारीत बंदी उठली तोवर नानांची शेवटची ट्रॉली क्विंटलला ८०० रुपयांनी गेली होती. विक्रीची पट्टी घेऊन आले, ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "एकाचंच होईल."

कुणाचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मे २०११ ला माझं लग्न झालं.

हे मी चाळीत बोलले. भाऊ हात पुसत म्हणाला, "ताई, ते नशीब होतं गं."

नशिबाला तारीख नसते, याला तारीख आहे. तो निर्णय कुणीतरी सही करून काढला. तो काढताना दिल्ली-मुंबईतल्या स्वयंपाकघरांचा हिशेब झाला, आमच्या ओसरीचा कुणी केला नाही. आणि माझा राग एवढाच आहे की त्या निर्णयाची किंमत माझ्या घरातून फक्त मी भरली, तरी माझ्या सख्ख्या भावाला त्याला राजकारण म्हणायचं नाही. नशीब म्हटलं की कुणाचंच देणं लागत नाही.

तो दुपारी निघाला. ८ डिसेंबरला पुन्हा निर्यात बंद झाली. नवा लाल कांदा आम्ही नुकता काढायला घेतला होता. पहिली ट्रॉली क्विंटलला ३,८०० नं गेली होती, तीन आठवड्यांनी तसाच माल १,५०० नं गेला. त्या दिवशी मी भावाला फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

तुम्हाला वाटेल ही बाई अमक्या पक्षाची आहे. मी कुठल्याच पक्षाची नाही. २०१० ला दिल्लीत एकांचं सरकार होतं, २०२३ ला दुसऱ्यांचं. २०१० ला ज्यांच्याकडे कृषिखातं होतं ते नेते २०२३ च्या डिसेंबरात चांदवडला आमच्या बाजूनं रास्ता रोकोत होते. आमचे हेही त्या गर्दीत होते. खुर्ची कुणाचीही असो, कांदा महागला की पिकवणाऱ्याच्या ताटातून काढून खाणाऱ्याच्या ताटात घालायचं हे ठरलेलं. खाणारे जास्त आहेत, मतंही जास्त आहेत. मात्र २० मे २०२४ ला आमच्या दिंडोरी मतदारसंघात पिकवणाऱ्यांनी ते मतांत मोजून दाखवलं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार लाखावर मतांनी पडल्या.

त्या मतदानाचंही सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. ह्यांचं आणि माझं मत एक नव्हतं. निर्यातबंदीनं पोळूनही ह्यांनी जुन्याच बाजूला दिलं, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांनी ती मला चहा पिताना नीट सांगितली. मी माझी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "नवरा-बायकोची दोन मतं? मग घराचं एक तरी मत वाया गेलं की." दोघं एकाच गाडीवर बसून केंद्रावर गेलो. संसाराला काही झालं नाही.

नंतर नोव्हेंबरात विधानसभा झाली, निकाल उलटा लागला, आणि भावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "दीड हजारात मतं विकली बायकांनी." त्या ग्रुपवर मी आहे, आई आहे, त्याची बायको आहे. तेरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, लाडकी बहीण योजनेतून, माझ्या एकटीच्या खात्यात, कुणाला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आले होते. त्यातून मुलीचा चष्मा केला. मी कुणाला मत दिलं ते त्याला माहीतही नाही. निर्यातबंदी उठली होती, पण कांद्याच्या निर्यातीवर तेव्हा २० टक्के शुल्क होतंच, ते १ एप्रिल २०२५ ला गेलं. दीड हजारानं ते भरून निघत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. पण त्याच्या शिक्षणाला नानांनी घातलेला पैसा हक्क आणि माझ्या खात्यातले दीड हजार म्हणजे लाच, हा हिशेब मला मान्य नाही.

तर तुमच्या वडिलांचं. ते कुठल्या पक्षाचे हे त्यांना विचारणं सोडा, कुठल्या वर्षी त्यांचं काय गेलं किंवा काय मिळालं ते विचारा. गिरणी बंद पडली असेल, नोकरीत बढती हुकली असेल, नाहीतर कुठल्या तरी सरकारच्या काळात घरात पहिल्यांदा गॅस आला असेल. त्या वयाच्या माणसाचा पक्ष बहुतेक वेळा तिथून सुरू होतो. टीव्ही बंद करून विचारा. टीव्ही चालू असला की तुम्ही दोघं वाहिनीवरच्या माणसांची वाक्यं बोलता, स्वतःची नाही. आणि ग्रुपवर अजिबात नको. तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि लिहिलेलं पुसलं जात नाही. आईंनाही एकदा विचारा त्यांचं मत काय आहे. "राजकारण नको" म्हणणाऱ्या बायकांना आजवर कुणी ते विचारलेलंच नसतं. माझ्या आईला मी पहिल्यांदा विचारलं ते गेल्या वर्षी.

आणखी काही सांगायला हवं. वडिलांना रक्तदाबाचा वगैरे त्रास असेल, किंवा ते चिडून हात उगारत असतील, तर यातलं काही करू नका, ताट घेऊन आत जा. शिवाय शहरातल्या सगळ्यांना मी माझ्या भावासारखं धरत नाही. त्याच्या चौघांच्या घरात आठवड्याला दोन किलो कांदा लागतो, सत्तर झाला तरी महिन्याला तीन-सव्वातीनशे रुपये जास्त, ते त्याला जड नाहीत. पण जो हमाली करतो किंवा वडापावची गाडी लावतो त्याला ते जड आहेत, आणि त्याचं ओरडणं मला खोटं वाटत नाही. त्याला स्वस्त द्यायचं तर सरकारनं स्वतःच्या पैशातून द्यावं, माझ्या चाळीतून नको.

भाऊ वाईट नाही, हेही लिहून ठेवते. सासूबाईंच्या ऑपरेशनला न मागता चाळीस हजार त्यानंच पाठवले. मुलगी आठवीत आहे, तिच्या पुढच्या शिक्षणाचं मी बघतो म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी त्यानं २०१० ला नशीब म्हणायचं सोडावं, मग बघू. या भाऊबीजेला तो येईल तेव्हा पुन्हा बोलणार आहे. आई म्हणेल सणासुदीला नको, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत बोलेन.