गोधडी, वाकळ की रजई? मिळून शिवलेल्या पांघरुणाला काय म्हणावे

प्रश्न असा आला आहे : "आम्ही बारा-चौदा जणी आठवड्यातून एकदा जमून क्विल्ट शिवतो. प्रत्येकीने घरातील जुन्या कापडाचे तुकडे आणायचे, ते जोडून एक मोठे पांघरूण करायचे आणि ते कुणा एकीला, तिच्या नातवंडाला किंवा आजारातून उठलेल्या मैत्रिणीला द्यायचे, अशी आमची पद्धत आहे. गटाला मराठी नाव देताना वाद झाला. कुणी रजई म्हणते, कुणी गोधडी, कोल्हापूरकडची एक मैत्रीण वाकळ म्हणते. गोधडी हा शब्द गरिबीचा वाटतो, असेही काहींचे म्हणणे पडले. नेमका शब्द कोणता? आणि असे मिळून शिवण्याला मराठीत काही नाव आहे का?"

या वादात नामांपेक्षा क्रियापदांकडे पाहिले, तर उत्तर लवकर हाती लागते. मराठीत रजई 'भरतात' आणि गोधडी 'शिवतात'. रजईचे मर्म तिच्या आतल्या कापसात असते. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला कापूस खोळीत पसरायचा, तो सरकून गोळे होऊ नयेत म्हणून अंतराअंतरावर टाके घालायचे आणि चार-पाच वर्षांनी कापूस दबला की खोळ उसवून तो पुन्हा पिंजून घ्यायचा, हा रजईचा जीवनक्रम आहे. गोधडीत कापूस नसतो. जुन्या कापडाचे थर हेच तिचे पोट, पाठ आणि अंग असते. त्यामुळे रजईत शिवण ही भरलेल्या कापसाची राखण करते, तर गोधडीत शिवणीवाचून काही उरतच नाही, नुसता चिंध्यांचा ढीग राहतो. आपला गट भरत नाही, शिवतो. तेव्हा रजई हा शब्द बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रजईच्या बाजूने बोलणाऱ्या मैत्रिणीला एक गोष्ट मात्र दिली पाहिजे. 'क्विल्ट' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'कुल्किता' या शब्दात आहे, ज्याचा अर्थ भरलेली गादी किंवा उशी असा होतो. म्हणजे मुळात तो शब्दही भरण्याचाच होता. पुढे त्याचा भर शिवण्यावर आला आणि आज थर एकत्र शिवण्याच्या क्रियेलाच 'क्विल्टिंग' म्हणतात. आपल्यापैकी काही जणी आत कापसाचा तयार पातळ थर घालत असतील, तरी वरचा भाग तुकड्यांचा आणि सगळी मदार टाक्यांवर असल्यामुळे त्या वस्तूला गोधडी म्हणण्यास मला अडचण दिसत नाही. दुलई ही रजईचीच हलकी बहीण, आणि लेप हाही भरलेल्या पांघरुणाचाच शब्द. हे दोन्ही इथे लागू पडत नाहीत. अंबेजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी जिच्यावर 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला, तिच्यामुळे पासोडी हा शब्द अनेकांच्या कानांवर असतो. पण पासोडी म्हणजे जाडेभरडे कापड, तुकड्यांची जोडणी नव्हे.

आता वाकळ. हा शब्द मला स्वतःला फार आवडतो, आणि त्याचे कुळही जुने आहे. संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ, अशी ही वाट ध्वनिनियमांना धरून आहे. जोडाक्षर जाऊन आधीचा स्वर दीर्घ होणे आपण हस्त, हत्थ, हात किंवा सप्त, सत्त, सात यांत पाहतो, आणि दोन स्वरांमधल्या एकट्या 'ल'चा 'ळ' होणे फल-फळ, कमल-कमळ यांत पाहतो. झाडाच्या सालीचे वस्त्र अंगावर घेणाऱ्या ऋषींचा शब्द शेतकऱ्याच्या घरातील पांघरुणाला मिळाला, हा प्रवास मोठा मौजेचा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात गोधडीपेक्षा वाकळ अधिक ऐकू येते आणि तिथे दोन्ही शब्द एकाच वस्तूचे असतात. अन्यत्र मात्र वाकळ म्हटले की जाड, जड, पुनःपुन्हा ठिगळे लावलेली आणि पांघरण्याइतकीच अंथरण्यासाठीही वापरली जाणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. आपल्या मैत्रिणीचा शब्द चुकीचा मुळीच नाही. सर्व प्रांतांतील सभासदांना एकाच अर्थाने कळणारा मात्र तो नाही.

गोधडीला भावंडे पुष्कळ आहेत. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी. मराठवाड्यात आणि खानदेशात बोलताना गोदडी असा उच्चार सर्रास होतो, पण लिहिताना 'ध' ठेवावा. तान्ह्या बाळाची मऊ लुगड्याची छोटी गोधडी ती दुपटे. आपण नातवंडासाठी जे शिवता, त्याला दुपटेच म्हणावे, कारण तिथे मोठा शब्द वापरला तर वस्तूचा आकार आणि माया दोन्ही हरवतात.

गरिबीच्या आक्षेपाकडे जरा सावकाश पाहू. गोधडी टाकाऊ कापडातून होते, हे खरेच आहे. 'हे लुगडे आता गोधडीला काढले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या लुगड्याचे नेसण्याचे आयुष्य संपले, असाच अर्थ असतो. परंतु आपल्या भाषेने या शब्दाला केवळ दारिद्र्य चिकटवलेले नाही, वैराग्यही चिकटवले आहे. नाथपंथी जोग्याची कंथा म्हणजे तुकड्या-तुकड्यांचे वस्त्रच, आणि त्याच कंथेचे बंगालमधील रूप असलेला काँथा आज भरतकामाचा मानाचा प्रकार मानला जातो. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर गोधडीवजा फाटकी वस्त्रे घेत, म्हणून त्यांना 'गोधडे महाराज' असेही म्हणत. ज्या शब्दावरून लोकांनी एका संताला आदराने हाक मारली, तो शब्द गटाच्या नावात घ्यायला संकोच वाटण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

एक शब्द मात्र आपण टाळावा, असे सुचवतो : 'ठिगळकाम'. 'पॅचवर्क'साठी तो हल्ली लिहिला जातो. ठिगळ हे भोकावर लावतात. आधी फाटते, मग ठिगळ येते. आपण धड तुकडे शेजारी-शेजारी ठेवून सांधता, तिथे झाकायचे असे काहीच नसते. त्यासाठी 'जोडकाम' हा साधा शब्द पुरतो. कापडाचे दोन भाग सांधणाऱ्या शिवणीला मराठीत 'दंड' म्हणतात, आणि 'धोतराला दंड घातला' हा प्रयोग जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून सापडतो. थर एकत्र धरणारा टाका तो धावदोरा. एवढ्या तीन शब्दांवर आपले बरेचसे काम मराठीत सांगता येईल.

मराठी मुलखाला लागूनच असलेले एक उदाहरण आपल्या गटाला उपयोगी पडेल. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ आहे. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कन्नडमधील कौदी हा शब्द तिच्या शेजारचाच. या स्त्रिया कडेपासून सुरुवात करून आत-आत शिवत मध्यापर्यंत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची छोटी त्रिकोणी फुले लावतात. ती नसतील तर कवंदी उघडीबोडकी मानली जाते. या स्त्रियांची क्विल्ट शिवणारी सहकारी संस्था २००४ मध्ये उभी राहिली. कडेकडून चौकोनात चौकोन शिवत मध्याकडे जाण्याची रीत आपल्याकडच्या गोधडीतही आहेच.

राहिला मिळून शिवण्याच्या नावाचा प्रश्न. इंग्रजीत याला 'क्विल्टिंग बी' म्हणतात आणि त्यातील 'बी'चा मधमाशीशी संबंध जोडण्याचा मोह होतो. पण तो शब्द शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या मदतीच्या एका जुन्या बोलीशब्दावरून आला असावा, असे कोशकार मानतात. म्हणून 'मधमाश्यांचा थवा' वगैरे भाषांतराच्या वाटेला जाऊ नये. आपल्या शेतीने दोन नेमके शब्द दिलेले आहेत. एकाच्या शेतावर सारे गाव औते घेऊन एका दिवसात काम उरकते आणि तो सर्वांना जेवू घालतो, ते इर्जिक. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, अशी कामाची फेड कामानेच होते, ती सावड. आपल्या गटात पाळीपाळीने प्रत्येकीची गोधडी होत असेल, तर ती सावड आहे. 'सावडीची गोधडी' हा प्रयोग मला अर्थाला आणि कानाला दोन्हींना बरा वाटतो. आजारी मैत्रिणीसाठी एका दिवसात सगळ्या जणी बसल्या, तर ते इर्जिक म्हणता येईल, मात्र जेवण कोण घालणार ते आधी ठरवावे लागेल.

नाव ठरले की फलकावर अनेकवचने लागतील, म्हणून तीही देतो : गोधडी-गोधड्या, वाकळ-वाकळा, दुपटे-दुपटी, आणि सुई-सुयाप्रमाणे रजई-रजया. सामान्यरूप लिहिताना 'दुपट्याचा' असे लिहावे. 'दुपट्ट्याचा' लिहिले, तर वाचणारा बाळाऐवजी ओढणीचा विचार करू लागेल.